सागराची वहिवाट : प्रस्तावना

इ. स. 1610 मध्ये खाम नदीच्या काठी, खडकी नावाच्या एका किरकोळ गावाच्या जागी, ज्या पुरुषाने निजामशाहीसाठी नवे नगर वसविले, तो मलिक अंबर हबसाणात जन्मला होता, लहान वयातच गुलाम म्हणून विकला गेला होता, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जात बगदादपर्यंत पोहोचला होता, आणि अखेर समुद्र ओलांडून अहमदनगरच्या चंगीझखान पेशव्याच्या पदरी आला होता. 1626 मध्ये तो वारल्यावर पुत्र फत्तेखानाने या नगरास फत्तेनगर म्हटले. 1653 मध्ये दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा पत्करून आलेल्या औरंगजेबाने त्यास आपले नाव दिले. आणि 2023 पासून ते सरकारी दप्तरात छत्रपती संभाजीनगर झाले. हे अखेरचे नाव ज्या छत्रपतींचे, त्यांनी 1682 च्या सुमारास जंजिऱ्याच्या हबशी सिद्दीस नमविण्यासाठी किनारा आणि किल्ला यांमधील समुद्र दगडांनी भरून काढून सेतू बांधण्याचा उद्योग आरंभिला होता, आणि मोगली फौज कोकणात उतरल्यामुळेच तो त्यांना अर्धा सोडावा लागला. समुद्रापलीकडून आलेल्या हबशाने वसविलेले आणि समुद्रास सेतू घालू पाहणाऱ्या छत्रपतींचे नाव धारण करणारे हे नगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पठारावर आहे. आणि येथील बहुतेकांच्या मनात समुद्र म्हणजे सुटीत पाहून यावयाचे एक दृश्य, यापलीकडे आज काही उरलेले नाही.

किनाऱ्यावरील आणि बेटांवरील समाजांच्या परंपरांविषयीचा ग्रंथ अशा नगरात बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, ही पृच्छा स्नेह्यांनी वारंवार केली, आणि तिचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे मुख्य काम आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या समाजांना आपण दूरस्थ म्हणतो त्यांचे दूरत्व बव्हंशी आपल्या विस्मृतीने निर्माण केलेले आहे. पठार आणि समुद्र यांचा व्यवहार दोन हजार वर्षे अखंड चालू होता, घाटांतून माल, माणसे, देव आणि विद्या यांची ये-जा होती. आणि त्या व्यवहाराची जाण मावळल्यामुळेच कोळी, गाबीत, खारवी, सिद्दी, बेने इस्रायल या समाजांकडे पाहताना आपणांस त्यांचे नृत्य, वेष आणि सण तेवढे दिसतात, त्यांची विद्या आणि त्यांचे हक्क दिसत नाहीत. हक्क हा शब्द मी विचारपूर्वक योजितो. ग्रंथाचा निम्मा भाग त्याच्याच विवेचनात गेला आहे.

प्रथम पठाराची साक्ष काढू. या नगराच्या दक्षिणेस गोदावरीच्या काठी पैठण आहे, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणचा आणि तगर म्हणजे आजच्या तेरचा उल्लेख आहे. पैठणहून अकीकादी रत्नपाषाण आणि तगरहून सुती वस्त्रे गाड्यांत भरून दुर्गम वाटांनी भडोचच्या बंदरास जात, असे तो सांगतो, आणि कोकणपट्टीतील सोपारा, कल्याण व चौल ही बंदरेही त्यास ठाऊक आहेत. पाँपेईच्या राखेखालून 1938 मध्ये जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती बाहेर निघाली, तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदन या मराठवाड्यातल्याच दोन स्थळी सापडल्या आहेत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने कोरविलेल्या लेखात तिच्या पुत्राच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचा अभिमान व्यक्त झाला आहे, आणि पुढील सातवाहन राजांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज उमटलेले आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता अशी परंपरेची समजूत आहे. ती खरी असो वा नसो, बंदरांतून वर येणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी त्या घाटाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

याहूनही बोलकी साक्ष लेण्यांची आहे. नगराच्या उत्तरेस, विद्यापीठाच्या पाठीशी असलेल्या डोंगरातील सातव्या लेण्याच्या व्हरांड्यात अवलोकितेश्वराची उभी मूर्ती असून तिच्या दोन्ही बाजूंस भक्तांवर कोसळणाऱ्या आठ महाभयांची चित्रे कोरलेली आहेत: अग्नी, सर्प, हत्ती, सिंह आणि त्यांच्याच पंगतीस बुडू पाहणारी नौका. जेथून समुद्राचा वाराही लागत नाही अशा कातळात जहाज फुटण्याचे भय कोरून घेणारा दाता कोण असेल, हे निश्चित सांगता येत नाही. परंतु ज्याचे भय नाही त्याच्या निवारणाची प्रार्थना कोणी करीत नाही, आणि म्हणून त्या काळच्या पठारावरील माणसांचे आप्त, पैसा अथवा प्राण समुद्रावर होते एवढे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नसावा. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या कथेतील जहाज रंगविले आहे. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा व्यापारी. चंदन आणावयास गेलेल्या त्याच्या भावाचे जहाज भर समुद्रात संकटात सापडते आणि पूर्णाच्या स्मरणाने ते तरते, अशी ती कथा. सतराव्या लेण्यातील सिंहलाच्या कथेत जहाज फुटून बेटावर लागलेले व्यापारी आहेत. दुसऱ्या लेण्यातील जहाजाच्या चित्रकाराने शिडांची ठेवण, नौकेचा उंच उचललेला नाळेचा भाग, तिच्यावरील घागरींची रांग हे सारे इतक्या प्रत्ययाने रेखाटले आहे की, त्याने गलबते जवळून पाहिली असावीत असेच वाटते.

या चित्राचे अलीकडे घडलेले फलित मला विलक्षण महत्त्वाचे वाटते. 2023 मध्ये केंद्राचे संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील एक जहाजबांधणी संस्था यांच्यात करार होऊन, अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकाच्या धर्तीचे जहाज बांधण्याचे ठरले. आराखडा उपलब्ध नव्हता, चित्र एवढाच आधार होता. केरळच्या कुशल कारागिरांनी खिळे न वापरता लाकडाचे तक्ते काथ्याच्या दोरीने शिवून ते सिद्ध केले, आणि 2025 च्या मे महिन्यात कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. पठारावरच्या चित्राने आकार दिला आणि किनाऱ्यावरच्या हातांनी तो साकार केला. शिवण घालण्याची ती विद्या त्या हातांत जिवंत नसती, तर चित्र कितीही उत्तम असून जहाज पाण्यावर उतरते ना.

मग विस्मृती आली कोठून? बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत गणला आहे, आणि मध्ययुगीन निबंधकारांनी समुद्रपर्यटन केलेल्या द्विजाचा संग्रह कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध आचारांत, घातला. कोकणातच जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासात या कलिवर्ज्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. ज्या प्रतिष्ठानाच्या गाड्या बंदराकडे जात होत्या, तेच पुढे धर्मनिर्णय देणाऱ्या विद्वत्सभेचे पीठ झाले; लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनी समुद्राकडे पाठ फिरविली, आणि समुद्रावर जाणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती. या फारकतीमुळे नौकानयनाची सर्व विद्या मुखपाठात राहिली आणि ग्रंथस्थ ज्ञानाच्या प्रतिष्ठेपासून वंचित झाली. पुढे इंग्रजी अमदानीत 1883 साली कुलाबा व जंजिरा यांचे गॅझेटियर छापले गेले. त्यात माहितीची विपुलता आहे आणि तिचे ऋण या ग्रंथावरही आहे. मात्र तेथे समाज हा जातवार नोंदीचा विषय होतो, त्याचे शहाणपण ‘समजूत’ या सदरात जाते. आमचे पुष्कळसे लेखन आजही त्याच सदरात वावरते आहे.

जंजिऱ्याचे प्रकरण या ग्रंथात सर्वांत दीर्घ झाले आहे, आणि त्याची क्षमा मागण्याची मला आवश्यकता वाटत नाही. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या त्या खडकाळ बेटावर प्रथम मेढेकोट होता, आणि तो चाच्यांपासून संरक्षण व्हावे म्हणून राम पाटील या कोळी नाईकाने उभारला होता, अशी परंपरा आहे. निजामशाहीच्या सरदाराने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन तो कपटाने घेतला आणि पुढे तेथे दगडी किल्ला उठला. म्हणजे बेट मुळात कोळ्यांचे, त्यावर राज्य हबशांचे, आश्रय अहमदनगरचा, नंतर विजापूरचा, आणि त्याहीनंतर दिल्लीचा. औरंगजेबाने सिद्दीस आपल्या आरमाराची सरदारी दिली, सुरतेच्या महसुलातून तनखा बांधून दिला आणि याकूतखान हा किताब बहाल केला. सिद्दींचे प्रमुखपद आरंभीच्या काळात बापाकडून मुलाकडे जात नसे, सरदारांतील समर्थ पुरुषाकडे जाई. समुद्रावर नेतृत्व वारशाने चालत नाही हे त्यांनी व्यवहाराने ओळखले होते. चारी बाजूंना खारे पाणी असता किल्ल्याच्या मध्यभागी गोड्या पाण्याचे दोन प्रशस्त तलाव आहेत. तटाच्या आत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदती वस्ती होती. आणि 1948 मध्ये ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या राज्याने स्वराज्याच्या रयतेस दिलेला उपद्रव आमच्या इतिहासात नोंदलेला आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. तरीही गुलामीच्या बाजारातून आलेल्या माणसांनी परक्या किनाऱ्यावर एक बेट शतकानुशतके अजिंक्य राखावे, या घटनेचा केवळ वैराच्या अंगाने विचार करून भागणार नाही.

त्याच जंजिऱ्याच्या संबंधात लाय पाटलाची हकीकत सांगतात. शिवाजी महाराजांनी राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी म्हणून कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला होता. त्या किल्ल्याच्या बांधकामास रसद पोहोचविण्यात कसूर करणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास 1675 मध्ये त्यांनी लिहिलेले खरमरीत पत्र उपलब्ध आहे. मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर चालून गेले तेव्हा लाय पाटील या कोळी सरदाराने रात्रीच्या अंधारात आपली माणसे नेऊन तटास शिड्या लावल्या आणि मागून येणाऱ्या धारकऱ्यांची वाट पाहिली; धारकरी वेळेवर पोहोचले नाहीत, उजाडण्याची वेळ झाली, आणि शिड्या काढून त्याला परतावे लागले. काम फसले तरी महाराजांनी त्याच्या हिमतीची कदर करून त्यास पालखीचा मान देऊ केला. पाटलाने तो नम्रपणे नाकारला. आम्हां दर्यावर्दी माणसांना पालखी घेऊन काय करावयाचे, असे त्याचे म्हणणे पडले. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नाव ‘पालखी’ ठेवविले आणि ते त्याच्या स्वाधीन केले. या कथेत मला दोन्ही पुरुषांची थोरवी दिसते: एकाने आपल्या जीवनाला न साजणारा सन्मान, राजाकडून येत असूनही, स्वीकारला नाही, आणि दुसऱ्याने त्या नकारात उद्धटपणा न पाहता, सन्मानाचे रूप समुद्राच्या रीतीने पालटून दिले. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्याची व्यवस्था सांगितली गेली, तिच्यामागे हीच दृष्टी होती. किनाऱ्यावरील समाजांविषयी धोरण ठरविणाऱ्या प्रत्येकाने लाय पाटलाची ही हकीकत मनन करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सिद्दी केवळ जंजिऱ्यासच नाहीत. गुजरातेत रतनपूर येथे बावा गोर या पिराच्या दर्ग्याभोवती, सौराष्ट्रात जांबूर येथे, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर व हल्याळच्या रानांत त्यांच्या वस्त्या आहेत. तिकडील सिद्दींत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक असून कोकणी-मराठीच्या छटांची बोली ते बोलतात. बावा गोर हा अकीकाच्या व्यापाराचा अधिष्ठाता मानला जातो. ज्या रत्नपाषाणांच्या गाड्या पैठणहून भडोचकडे जात, त्याच जातीच्या दगडांच्या व्यापाराचे दैवत भडोचच्याच परिसरात आफ्रिकी मूळ असलेल्या समाजाने जपावे, हा योग चिंतनीय आहे.

आता विद्येकडे वळतो. कोळ्याचे पंचांग हे त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही तितकीच लांबते. म्हणून तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब मुंबई-कुलाब्याच्या किनाऱ्यावर सर्वतोमुखी आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्येस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आणि बोंबील, जवळा, करंदी ज्या डोलीत सापडतात ती डोल तर प्रवाहाच्या जोरावरच चालते. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना हे पिशवीसारखे निमुळते जाळे बांधतात, भरतीचे वा ओहोटीचे पाणी त्यातून वाहते, आणि पाणी थांबण्याच्या क्षणी जाळे उचलावे लागते. क्षण चुकला तर प्रवाह उलटतो आणि मासळी निसटते. उधाणाला जोर असतो म्हणून डोलीचा धंदा तिथीच्या तालावर चालतो, भांगाला मंदावतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडावे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हा शिडांच्या काळातील दिनक्रम आता यंत्रांमुळे मोडला असला, तरी वृद्ध तांडेल, म्हणजे नौकेचा नायक, आजही पाण्याच्या रंगावरून तळाचा चिखल आणि रेती ओळखतो. ही विद्या आहे, आणि ती पिढ्यान्पिढ्यांच्या प्रयोगाने शोधलेली आहे. पॅसिफिक महासागरातील सातावाल बेटाचे माऊ पियाईलुग यांनी 1976 मध्ये कोणतेही उपकरण न वापरता, तारे आणि लाटांची दिशा यांवरून हवाईहून ताहितीपर्यंत ‘होकुलेआ’ ही नौका नेली, तेव्हा जगातील विद्वानांना बेटवासीयांच्या विद्येचे महत्त्व पटले. आमच्या तांडेलांच्या वाट्यास असा प्रसंग अजून आलेला नाही.

विद्येइतकाच हक्काचा विचार महत्त्वाचा आहे. डोलीचे खुंट समुद्रात वाटेल तेथे रोवता येत नाहीत. उत्तर कोकणात त्या जागेला कव म्हणतात. कोणत्या गावाची कव कोठपर्यंत आणि कोणाच्या कवीपुढे कोणी जाळे लावू नये, हे सारे वहिवाटीने ठरलेले असते, आणि तंटा झाला तर गावपंच निवाडा देतात. मालवणकडे रापण आहे: मैलभर पसरलेले जाळे होडीतून टाकून किनाऱ्यावरून शेकडो हातांनी ओढावयाचे, आणि मिळालेल्या मासळीची वाटणी जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा अशा रीतीने करावयाची. मलिक अंबराचे नाव इतिहासात केवळ गनिमी काव्यासाठी राहिलेले नाही. त्याने जमिनीची मोजणी करविली, प्रतवारी लावली, मक्तेदारांना बाजूस सारून गावाशी थेट जमाबंदी केली, आणि कुळाला आपल्या शेताची शाश्वती दिली. त्याची ती पद्धत पुढील राजवटींनाही मार्गदर्शक ठरली. परंतु तो ज्या समुद्रावरून आला, त्या समुद्रावरची वहिवाट कोणत्याच जमाबंदीत आली नाही, ना त्याच्या, ना पेशव्यांच्या, ना इंग्रजांच्या. शेतकऱ्याजवळ सातबारा आहे. कवीचा सातबारा नाही. त्यामुळे बंदर वाढविताना, भराव घालताना, समुद्रातून नळ वा पूल नेताना शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद तरी सापडते, कोळ्याचे मात्र सरकारी कागदावर काहीच गेलेले नसते. पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौकांनी रापणकरांच्या तोंडचा घास हिरावला तेव्हा 2016 मध्ये शासनाला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. पण तो आदेशही मासळीच्या साठ्याच्या चिंतेतून निघाला, वहिवाटीच्या मान्यतेतून नव्हे.

नारळी पौर्णिमेचा विचारही याच दृष्टीने केला आहे. श्रावणातील पौर्णिमेस सागरास नारळ अर्पण होईपर्यंत होड्या पाण्यात लोटावयाच्या नाहीत, ही रूढी म्हणजे मासळीच्या विणीच्या हंगामात धर्माने घातलेली बंदी होती. आज शासनाची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी इंग्रजी तारखांनी बांधलेली आहे. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली, म्हणजे दोन बंद्या संपण्यात एक महिन्याचे अंतर पडले. ज्यांचे कर्ज डोक्यावर होते ते पहिल्या तारखेसच निघाले, आणि गावागावांतील वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. या वादात शास्त्र एका बाजूस आणि अंधश्रद्धा दुसऱ्या बाजूस अशी विभागणी करणे मला अन्यायाचे वाटते, कारण मासळीला वाढण्यास अधिक अवधी देण्याचे काम रूढीच करीत होती.

कोळ्यांची कुलस्वामिनी एकवीरा समुद्रकाठी नसून घाट चढून कार्ल्याच्या डोंगरात आहे, हेही पठारवासीयांनी ध्यानात घ्यावे. चैत्रात मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी पालख्या घेऊन तेथे जातात, आणि देवीचे मंदिर ज्या बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशी आहे त्याच्या स्तंभांवर यवन दात्यांचे लेख आहेत. म्हणजे समुद्रावरून आलेल्या परदेशीयांनी दान दिलेल्या जागी आज समुद्रावर जाणाऱ्या समाजाची कुलदेवता नांदते, आणि दोघांनाही त्यासाठी बोरघाटाची चढण चढावी लागली. आमच्या मराठवाड्यातील विहिरींवर ज्या साती आसरा शेंदूर लावून पुजतात, त्याही जलदेवताच.

बेने इस्रायलांच्या प्रकरणाविषयी दोन शब्द. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, ही त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाब्याच्या खेड्यांत त्यांना शनिवार तेली म्हणत. पोहे, नारळ आणि सुकामेवा यांचा मलिदा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने वाटण्याचा त्यांचा विधी आहे. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचण्याची त्यांची प्रथा होती. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, आणि तेथूनही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले. धर्म प्राचीन, भाषा मराठी आणि उगम जहाजफुटीत, असा समाज महाराष्ट्राने शतकानुशतके आपल्या पोटात सांभाळला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे.

मॉरिशसची कथा याच्या उलट दिशेची. 1834 पासून गिरमिटावर मजूर नेण्याची प्रथा तेथे सुरू झाली, आणि कोकणातून गेलेली मराठी कुटुंबे उसाच्या मळ्यांत राबून तेथेच स्थिरावली. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. जाखडीचे नाच तेथे झाकरी या नावाने टिकले आहेत. शाळांतून मराठी शिकविली जाते. घरी अनेक कुटुंबांत क्रिओल बोलली जाते, आणि तरीही आरती मराठीतच होते. पिढ्यांनी ओलांडलेल्या समुद्रापलीकडे भाषेचे इतके जतन होत असता, येथे आम्ही ती किती निष्काळजीपणे वापरतो, याची खंत ते प्रकरण लिहिताना मला सतत जाणवली.

मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरील घारापुरी बेटास, जेथील लेणी 1987 पासून जागतिक वारशात आहेत, समुद्राखालून तार टाकून 2018 मध्ये वीज मिळाली. लेण्यांस मान मिळाल्यानंतर तीन दशके राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर येथील कुटुंबे कायमच्या विजेविना राहिली. 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग आहेत. सिंधुदुर्गाच्या तटाआत आजही काही कुटुंबे राहतात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे गोडे पाणी पितात, आणि शिवराजेश्वराची पूजा अखंड ठेवतात. या कुटुंबांचे पावसाळ्यातील जिणे, होडी बंद असतानाचे आजारपण, मुलांच्या शाळा, यांचा प्रश्न वारशाच्या गौरवात बुडून जाऊ नये म्हणून मी त्यावर स्वतंत्र प्रकरण योजिले आहे.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडे. प्रकरणे उत्तरेकडून दक्षिणेकडे किनाऱ्याच्या क्रमाने लाविली आहेत, आणि समुद्रापलीकडील मराठी समाज शेवटी घेतले आहेत. बोलीतील संज्ञा तांडेल आणि खलाशी ज्या रूपात उच्चारतात त्याच रूपात ठेविल्या आहेत. गावोगाव त्या बदलतात, आणि त्यांना एकच शुद्ध रूप देण्याचा मोह मी आवरला. मासळीच्या बाजारातील हिशेब, उधारी आणि लिलाव हे सारे स्त्रियांच्या हाती असल्यामुळे त्या प्रकरणातील माहिती मुख्यत्वे त्यांच्याकडूनच घेतली आहे. पुरुषांनी सांगितलेले आकडे त्यांनी दुरुस्त करून दिले.

नकाशांविषयी मात्र खुलासा आवश्यक आहे. भूमीचे नकाशे तपशिलाने भरलेले आणि समुद्र कोरा निळा, अशी रीत असते; ती मोडून कवींच्या जागा नकाशावर दाखवाव्यात, म्हणजे वहिवाटीची एक तरी छापील नोंद होईल, असा माझा संकल्प होता. अनेक गावांच्या पंचांनी त्यास संमती दिली आणि आपल्या जागा स्वतः आखून दिल्या. काहींनी दिली नाही: नोंद झाली की मोठ्या नौका प्रथम तेथेच येतील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यास माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. त्या गावांसमोरचा समुद्र या ग्रंथातही कोराच ठेवला आहे. नोंदीने हक्क रक्षिला जाईल अशी तरतूद कायद्यात होईपर्यंत तो तसाच राहावा, असे मला वाटते.